दहाव्या वर्षी ब्लॅक बेल्ट: द्यावा की थांबवावा?

गंगापूररोडकर

आमच्या चौकात सध्या एक फ्लेक्स लागलाय. पाच मुलांचे फोटो, पांढरा ड्रेस, कमरेला काळा पट्टा, खाली ‘हार्दिक अभिनंदन’. त्यातला सगळ्यात लहान मुलगा चौथीत आहे. माझी मुलगी त्याच कराटे क्लासला जाते, सध्या ग्रीन बेल्ट आहे. एकही ग्रेडिंग (पुढच्या पट्ट्याची परीक्षा) चुकवलं नाही तर पुढच्या दिवाळीपर्यंत तीही ब्लॅक होईल, असं तिथे सांगण्यात आलं. परीक्षेची फी 8,000 रुपये. बेल्ट, प्रमाणपत्र आणि फोटो त्यातच.

माझं मत स्पष्ट आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या आत कुणालाही पूर्ण ब्लॅक बेल्ट देऊ नये. आणि ज्यांनी शिकवलं त्यांनीच परीक्षा घेऊन पास करू नये.

त्या चौथीतल्या मुलाची मेहनत मी पाहिली आहे. हेयान मालिकेतले पाचही काते, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, तो न चुकता करतो आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण पाठ केलेला काता वेगळा आणि अंगावर येणारा अनोळखी माणूस वेगळा. जो आपल्या सोयीने हल्ला करत नाही, त्याच्यासमोर अंतर राखणं, तोल आणि श्वास सांभाळणं ही ब्लॅक बेल्टकडून किमान अपेक्षा आहे. तीस किलोच्या मुलाकडून ती करायची कशी?

जगात इतरांनी यावर विचार केलेला आहे. तायक्वांदोत कुक्कीवॉन या तिथल्या मुख्य संस्थेच्या नियमानुसार पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘पूम’ मिळतो. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. वय झालं की तो ‘दान’मध्ये, म्हणजे पूर्ण ब्लॅक बेल्टच्या श्रेणीत, बदलून घेता येतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघात सोळा वर्षांपर्यंत मुलांचे वेगळेच पट्टे आहेत, आणि एकोणीस वर्षांच्या आत ब्लॅक बेल्ट नाहीच. तिथे साधारण दहा वर्षं घाम गाळावा लागतो, तरी मुलं येतात आणि टिकतात.

मला खरी भीती वेगळीच आहे, खोट्या धीराची. ‘तिला ब्लॅक बेल्ट आहे, आता काळजी नाही,’ असं म्हणत आईवडील मुलीला रात्री एकटीला ट्यूशनहून येऊ देतात. मी हे वाक्य कानांनी ऐकलंय. नाशिकमधल्या पालकांनी आणि शिकवणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावं.

सिडकोतला_सर

नमस्कार. मी सिडकोत क्लास चालवतो, त्यामुळे हे माझ्याबद्दलच लिहिलंय असं समजून उत्तर देतो.

आधी पैशाचं बोलू, कारण तुम्ही आकडा लिहिलात. माझ्याकडची निम्मी मुलं अंबड आणि सातपूरच्या कामगारांची आहेत. काँट्रॅक्टवरच्या बापाला कंपनीने ब्रेक दिला की दोन-तीन महिने फी येत नाही. मी मुलाला घरी पाठवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे हॉल अर्धा रिकामा असतो, भाडं मात्र पूर्ण. मॅट, पॅड, संघटनेची नोंदणी, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा प्रवास आणि राहणं हे सगळं ग्रेडिंगमधूनच निघतं. ज्याला हा धंदा वाटतो त्याने एक वर्ष हॉल चालवून बघावा.

आता परंपरेचं. ब्लॅक बेल्ट ही हजार वर्षांची गोष्ट नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली, दानाच्या श्रेण्या 1883 पासून दिल्या आणि काळा पट्टा त्यानंतर आला. रंगीत पट्ट्यांची चढती रांग रुजली ती युरोपात. 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशी यांनी ती वापरली, कारण शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसली की तो टिकतो. आणि कराटेचं म्हणाल तर गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि एप्रिल 1924 मध्ये त्यांनी पहिल्या सात जणांना दान दिला. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती! पट्टा शिकवण्याच्या सोयीसाठीच आला. मी तो त्यासाठीच वापरतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. तुम्ही सोळा वर्षं म्हणता. आठवी संपली की आपल्या गावातली मुलं कुठे जातात? कॉलेज रोडच्या कोचिंगला. संध्याकाळी पाच ते नऊ तिथेच. तुमचा नियम लावला तर सिडकोतल्या एकाही मुलाला ब्लॅक बेल्ट मिळणार नाही, कारण त्या वयात मूल हॉलमध्ये नसतंच. माझ्याकडे एक मुलगा आला तेव्हा स्वतःचं नाव मोठ्याने सांगता येत नव्हतं, पाहुणे आले की पडद्यामागे जायचा. आज तो लहान मुलांची वॉर्म-अप घेतो. त्याला ‘अजून सहा वर्षं थांब’ असं मी सांगणार नाही.

तालमीतला

तालमीत पट्टा नाही, प्रमाणपत्र नाही, फ्लेक्सही नाही. मातीत उतरायचं, पाठ लागली की कळतं. हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये आपल्या नाशिककडून महाराष्ट्र केसरी झाला, ती गदा अख्ख्या महाराष्ट्रासमोर कुस्त्या जिंकून मिळाली. कराटेवाल्यांनीही तेच करावं. लढा आणि घ्या.

नाशिकरोडची_आई

माझ्या मुलीला अकराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. गंगापूररोडकर, तुम्ही ज्या ‘खोट्या धीरा’बद्दल लिहिलंय त्यावर मला बोलायचंय.

मागच्या वर्षी स्टँडवर गर्दीत एका माणसाने तिला मुद्दाम धक्का दिला आणि दंडाला धरलं. तिने त्याला मारलं नाही. क्लासमध्ये किआई देताना जसा पोटातून आवाज काढतात तसा आवाज काढला, हात झटकून सोडवला आणि कंडक्टरकडे धावली. सगळा स्टँड वळून बघायला लागला, तो माणूस पसार. घरी आल्यावर तिनेच मला समजावलं की आवाज, अंतर आणि पळणं या क्रमाने सर शिकवतात, मारामारी सगळ्यात शेवटी. मी तिच्या वयाची असताना असं कुणी धरलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. मुलींच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे, हे पुरुषांना पटकन कळत नाही असं मला वाटतं.

तिला कळतं की ती कुणा मोठ्या माणसाला हरवू शकत नाही. मग तो पट्टा तिच्याकडून काढून घ्यायचं कारण काय?

गंगापूररोडकर

ताई, तुमच्या मुलीने जे केलं ते शंभर टक्के योग्य केलं. पण ते तिला पट्ट्याने दिलं की प्रशिक्षणाने? आवाज, अंतर, पळणं हे तर पहिल्या तीन महिन्यांत शिकवायला हवं, पांढऱ्या पट्ट्यावर. समग्र शिक्षाच्या योजनेत शाळांतल्या मुलींना तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण देतात, त्याचा हेतू हाच आहे. त्याला काळा रंग लागत नाही.

सर, तुमच्या हॉलच्या हिशोबाबद्दल माझी तक्रार नाही. कामगारांच्या मुलांना फी नसताना शिकवता हे मोठं काम आहे. पण मग महिन्याची फी वाढवा, ज्यांना परवडते त्यांच्याकडून जास्त घ्या. सगळा भार ग्रेडिंगवर टाकला की नापास करणं अवघड होऊन बसतं. तुमच्याकडे शेवटचं नापास कोण झालं होतं?

फुनाकोशींच्या दाखल्याला माझं उत्तर आहे. ते सात जण कोरी पाटी नव्हते. गिमा ओकिनावात शिकून आलेले होते, ओत्सुका यांचा जुजुत्सूचा पाया आधीच पक्का होता. आणि सगळे प्रौढ होते. तो दाखला चौथीतल्या मुलाला लागू होत नाही.

बाहेरच्या परीक्षेचा आग्रह मी धरतो तो बुद्धिबळाकडे बघून. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी 2013 मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्या किताबाला तीन नॉर्म (स्पर्धेतली ठरलेल्या दर्जाची कामगिरी) आणि 2500 रेटिंग लागतं, नॉर्मच्या स्पर्धेत परदेशी खेळाडूंशी खेळावं लागतं. त्याच्या कोचने सही केली म्हणून कुणी तो किताब देत नाही.

सिडकोतला_सर

तुम्हीच बुद्धिबळ काढलंत ते बरं झालं. बुद्धिबळात वयाची अट कुठे आहे? अभिमन्यू मिश्रा 2021 मध्ये बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. कुणी म्हणालं का, की बाळा, सोळाचा हो आणि मग ये? जो कस लावायचा तो लावा, पण उतरला तर द्या.

नापास किती, तर गेल्या ग्रेडिंगला ब्राऊनच्या, म्हणजे ब्लॅकच्या आधीच्या पट्ट्याच्या, तिघांना परत पाठवलं. त्यातल्या एकाचे वडील आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्यामुळे नापास करत नाहीत हे सरसकट लिहू नका.

सातपूरकर_बाबा

मध्येच विचारतो. ब्लॅक बेल्ट असला तर दहावीला क्रीडा गुण मिळतात का? आमच्या क्लासमध्ये तसं सांगितलंय.

सिडकोतला_सर

नाही. सवलतीचे गुण मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, पट्ट्यावर नाही. सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षणही तसंच. पट्टा दाखवून गुण मिळतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

चाळिशीतली_विद्यार्थिनी

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि चाळिशीनंतर कराटे सुरू केलं. आता ब्राऊन बेल्ट आहे. रांगेत माझ्या पुढे बारा वर्षांचा ब्लॅक बेल्ट उभा असतो, मी त्याला वाकून नमस्कार करते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. काता तो माझ्यापेक्षा सुंदर करतो.

पण कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, लागलं की मी हात आखडता घेते. घ्यावाच लागतो. माझं वजन त्याच्या दुप्पट आहे. आणि तो मात्र समजतो की त्याने मला थोपवलं. हे रोज घडतं, फक्त माझ्याशी नाही, हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी. म्हणून मी गंगापूररोडकरांच्या बाजूने आहे. बुद्धिबळाच्या पटावर मुलाचा वजीर आणि मोठ्याचा वजीर सारखाच चालतो. अंगाच्या लढतीत तसं नाही, म्हणून तर खुद्द कुस्तीत आणि ज्युदोत वजनगट आणि वयोगट आहेत. तालमीतला यांनी ‘लढा आणि घ्या’ लिहिलंय. तालमीतही दहा वर्षांच्या पोराला पस्तीस किलो जास्त वजनाच्या गड्यासमोर कुणी सोडत नाही.

एक गोष्ट या धाग्यात कुणीच काढली नाही, ती मला फार खुपते. ग्रेडिंगच्या दिवशी आणि गणपतीतल्या डेमोला लहान मुलांकडून कौलं फोडून घेतात. ब्लॅक बेल्ट आहे म्हटल्यावर लोकांना ते बघायचंच असतं. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा भाग मऊ असतो, तिथूनच हाड लांबीला वाढतं. त्यावर वारंवार आघात झाला तर इजा कायमची राहू शकते. मनगट दुखतं म्हणून अशी मुलं माझ्याकडे आणतात आणि आई म्हणते, ‘काही नाही हो, थोडं मुरगळलं असेल.’ कोरडी कौलं खाली फट ठेवून रचली की मोठ्या माणसाच्या हाताने सहज फुटतात. त्यात कौशल्यापेक्षा रचना जास्त असते. पोराच्या हाताला मात्र ते झेपत नाही. पट्टा द्यायचा की नाही यावर हवं तितकं भांडू, पण सोळाच्या आत फोडाफोडी बंद, यावर तरी सगळ्यांनी इथेच हो म्हणावं.

सिडकोतला_सर

फोडाफोडीबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत. माझ्या हॉलमध्ये अठराच्या आत कौल नाही. आयोजक मागणी करतात, मी नकार देतो, त्यापायी दोन मंडळांचे कार्यक्रम गेले.

तालमीतला

वजनाचं ताईंचं बरोबर आहे. जोड लावूनच कुस्ती लावतात. पण जोडीतला गडी दुसऱ्या तालमीचा असतो, हे विसरू नका. आपल्याच पोरांत आपलंच पोर जिंकलं तर गावात कुणी विचारत नाही.

नाशिकरोडची_आई

जोड लावून, वजन-वय बघून, बाहेरच्या मुलीशी कुमिते ठेवा, माझी मुलगी आनंदाने येईल. पण तोवर तिचा पट्टा अर्धा लाल करा म्हणाल तर मी करणार नाही. तिने तो मिळवलाय.

गंगापूररोडकर

मिळालेला पट्टा कुणाचा काढून घ्या असं मी म्हणत नाही. पुढे देताना लहान मुलांना वेगळा पट्टा द्या, एवढंच. वयाच्या मुद्द्यावर मी हलणार नाही. ताईंनी वजिराचं जे लिहिलंय ते मला तंतोतंत पटलं. कोचिंगचा मुद्दा मात्र गंभीर आहे. आठवीनंतर मुलं सुटतात म्हणून पट्टा अलीकडे ओढायचा, की आठवीनंतरही ती यावीत म्हणून क्लासची वेळ बदलायची? सकाळी सहाची बॅच का नाही?

माझ्या मुलीला मी या दिवाळीच्या ग्रेडिंगला बसवत नाहीये. ती चिडली आहे, पण क्लास चालू ठेवला आहे.

सिडकोतला_सर

सकाळी सहाची बॅच मी दोनदा सुरू केली. थंडीत नाशिकला सहाला पोरं उठत नाहीत आणि आईबापांची फर्स्ट शिफ्ट सातला असते, सोडायला कोण येणार? तरी उन्हाळ्यात पुन्हा बघतो.

वयाबद्दल आपलं जमणार नाही. बाहेरच्या कुमितेबद्दल मात्र जमू शकतं. अडचण अशी की प्रत्येक शैलीचे काते वेगळे. शोतोकानवाला गोजू-र्‍यूच्या मुलाचा काता तपासू शकत नाही. म्हणून काता आपापल्या सरांनी घ्यावा आणि ब्राऊनवरून ब्लॅकला जाताना कुमिते तीन-चार क्लासनी मिळून, वजन-वयाची जोड लावून घ्यावं. दुसऱ्या क्लासच्या सरांनी ‘नाही’ म्हटलं तर नाही. माझे ब्राऊन बेल्ट मी आणतो. मॅट माझ्याकडे आहेत, हॉल मात्र एवढा मोठा नाही. पंचवटी किंवा इंदिरानगरकडे कुणाच्या ओळखीचा शाळेचा हॉल आहे का? रविवारी सकाळी अर्धा दिवस पुरेल.

चाळिशीतली_विद्यार्थिनी

इंदिरानगरात एका शाळेत विचारते. प्रथमोपचाराला मी थांबेन. माउथगार्डशिवाय कुणाला उतरवायचं नाही, ही माझी अट.