रूम ४० मधील श्रद्धा आणि प्रेम

एका लेखिकेच्या पहिल्या महायुद्धातील हेरकथेत प्रार्थना आणि प्रेम ओढूनताणून आणल्यासारखे वाटते, असे मत एका वाचकाने मांडले आहे. ते मला पटत नाही; कारण ब्रिटिश नौदलाच्या ज्या ‘रूम ४०’ मध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडले जात, तेथे या दोन्ही गोष्टी खरोखरच नांदत होत्या. जानेवारी १९१७ मध्ये झिमरमन तारेवर (जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला युती देऊ करणाऱ्या गुप्त संदेशावर) काम करणाऱ्या दोघांपैकी विल्यम माँटगोमेरी हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि धर्मशास्त्रज्ञ अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या येशूविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले होते. संहितेतील एकेका शब्दाशी झगडण्याची सवय त्यांना तेथूनच लागली असावी, असे मला मनापासून वाटते.

रूम ४० मधीलच आणखी एक संकेत उलगडणारे डिली नॉक्स यांचे उदाहरण तर कादंबरीलाच शोभणारे आहे. मँचेस्टरच्या बिशपचे हे चिरंजीव स्वतः नास्तिक होते, त्यांचे बंधू रोनाल्ड मात्र १९१७ मध्ये कॅथलिक झाले. रूम ४० याच विभागातील त्यांच्या खोली क्रमांक ५३ मध्ये चक्क न्हाणीचा टब होता आणि त्यातल्या गरम पाण्यात बसून डिली संकेतांचा विचार करीत. तेथेच चिटणीस असलेल्या तरुणीशी त्यांनी १९२० मध्ये विवाह केला.

दिवसभर शत्रूची गुपिते वाचायची आणि घरी त्यातला एक शब्दही बोलायचा नाही, हा ताण लेखिकेने अधिक रंगवायला हवा होता.