चर्चा धागा: सीमाभागातल्या मराठी पेपरांनी विजय संकेश्वरांकडून काही घ्यावं का?

टिळकवाडीकर
विजय संकेश्वर म्हटलं की बेळगावात लोकांना त्यांच्या व्हीआरएल या वाहतूक कंपनीच्या बसगाड्या आणि पार्सल आठवतं. पण पेपरचा धंदा उत्तर कर्नाटकात त्यांच्याइतका कुणाला कळला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गदगला वडिलांचा छापखाना आणि पुस्तकांचा व्यवसाय होता. तो सोडून त्यांनी १९७६ मध्ये एक ट्रक घेतला आणि नंतर हुबळीत बस्तान बसवून हजारो गाड्यांपर्यंत धंदा वाढवला. १९९९ मध्ये 'विजय कर्नाटक' हा कन्नड पेपर काढला, तेव्हा १९४८ पासूनचा 'प्रजावाणी' आणि मुळात आपल्या बेळगावातूनच निघालेला 'संयुक्त कर्नाटक' मैदानात पाय रोवून होते. तरी काही वर्षांत 'विजय कर्नाटक' खपात सगळ्यांच्या पुढे गेला. अनेक ठिकाणी छपाई, जिल्ह्याची वेगळी पानं, परवडणारी किंमत आणि गठ्ठे वेळेवर पोचवणं, एवढंच त्यामागे होतं. मालाला उशीर झाला की गिऱ्हाईक तुटतं, हे ट्रकवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दुपारी आलेला पेपर कोण घेणार?

आपण भाषेसाठी मोर्चे काढतो, सभा घेतो, ते केलंच पाहिजे. पण खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे भर पावसात मराठी अंक सकाळी पोचावा म्हणून किती जण पैसा घालायला तयार आहेत?

खानापूरचा मास्तर
टिळकवाडीकर, पोचवण्याचा मुद्दा मान्य. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत ओ. २००६ मध्ये त्यांनी तो पेपर टाइम्स समूहाला विकला. उत्तर कर्नाटकातल्या माणसानं उभा केलेला, वाचकांनी आपला मानलेला पेपर मुंबईच्या मालकाकडे गेला. सोबत इंग्रजी 'विजय टाइम्स' गेला आणि पुढं ते नावही राहिलं नाही. धंदा म्हणून यात गैर काही नाही, पण असा मालक आपल्याला परवडणार आहे काय?

बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला तो स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हा इथल्या मराठी माणसाचं गाऱ्हाणं छापणारा पेपर त्याच्या हातात होता, म्हणून ते दिल्ली-मुंबईला ऐकू गेलं. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाच्या वेळीही तेच. त्या काळात कुणी चांगली किंमत देऊन तो विकत घेतला असता तर? दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीची बातमी पहिल्या पानावर यायची की नाही, हे जाहिरातीच्या हिशोबावर ठरलं असतं.

आणखी एक. संकेश्वर १९९६, १९९८ आणि १९९९ असे तीनदा धारवाड उत्तरमधून भाजपचे खासदार झाले. म्हणजे पेपर निघाला त्या वर्षी मालक स्वतः खासदार. २००४ च्या निवडणुकीला तर त्यांनी स्वतःचा कन्नड नाडू पक्ष उतरवला. वाचकानं अशा पेपरवर किती भरवसा ठेवायचा?

निपाणीकर
मास्तर, राजकारणाचा मुद्दा दोन्हीकडे लागू करा. बाबूराव तर सीमालढ्यात उभे होते. त्यांचा पेपर कुणाच्या बाजूचा हे वाचकाला ठाऊक होतं आणि तो विश्वासानं घेत होता. मालकाची बाजू उघड असेल तर माझी तक्रार नाही, झाकलेली असेल तर आहे.

शहापूरची वाचक
विक्रीबद्दल मास्तरांशी मी सहमत नाही. २०१२ मध्ये संकेश्वरांनीच 'विजयवाणी' काढला, तोही भराभर वाढला, आणि 'विजय कर्नाटक' नव्या मालकाकडेही चालूच राहिला. वाचकाला एकाच्या जागी दोन पेपर मिळाले. पुढं 'दिग्विजय' वाहिनी आली, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. हे मला त्यांच्या कौतुकासाठी सांगायचं नाही. या माणसाला साठीनंतर पुन्हा पहिल्यापासून पेपर उभा करता आला, कारण गाड्यांचं जाळं त्यांच्याकडे होतं. आपल्याकडे एक मराठी साप्ताहिक बंद पडलं की ते पुन्हा निघत नाही. वर्गणीदार असतात, लिहिणारेही असतात, पण अंक घरी नेऊन द्यायला कुणी नसतं.

खानापूरचा मास्तर
बाई, ही गोष्ट खरी आहे. तरीही माझा आग्रह सोडत नाही. गाड्यांचं जाळं एका घराचं असलं की पेपरही त्या घराचा होतो. इथं पतसंस्था आहेत, दूध संस्था आहेत, मराठी शाळांचे माजी विद्यार्थी आहेत. वितरण त्यांनी मिळून उचलावं, म्हणजे उद्या कुणी एकटा उठून ते विकू शकणार नाही.

टिळकवाडीकर
मास्तर, संस्थेच्या संचालकांची बैठक होऊन ठराव होईपर्यंत पहाटेची गाडी निघून जाते. पहाटे तीनला गठ्ठे चढवायला जबाबदार माणूस एकच लागतो, त्याला पगार लागतो आणि चूक झाली तर त्याला जाब विचारणारा मालक लागतो. मालकी संस्थेची ठेवा, माझी हरकत नाही, पण कारभार एका माणसाच्या हातात द्या आणि त्याला वाहतूक कळत असू दे. दूध संस्थेची गाडी पहाटे गावोगावी जातेच, तिच्यातून अंक जाऊ शकतात का, हे आधी बघू. जांबोटी, कणकुंबी, कापोली भागातल्या लोकांनी इथं लिहावं: मराठी पेपर तुमच्याकडे किती वाजता येतो, आणि दुधाची गाडी किती वाजता येते?