अनुभव धागा: लहान वस्तीतली शाळा चांगली आहे, हे ओळखायचं कसं?

मुंबईत शाळा म्हटली की चार मजली मनपा इमारत आठवते. एकाच जिन्याने वर जाणाऱ्या दोन-तीन माध्यमांच्या शाळा, सकाळची पाळी, दुपारची पाळी. पण गोराई-मनोरीची गावं, मढ, आरेतले पाडे, गल्लीबोळांत दडलेले कोळीवाडे इथलं गणित निराळं. वर्गात दहा-पंधरा पोरं, त्यातली निम्मी एकमेकांची चुलत-मावस, आणि बाईंना प्रत्येकाचं घर माहीत. अशी शाळा बघायला गेल्यावर अर्ध्या तासात काय तपासावं, कोणते आकडे विचारावेत, फसगत कुठे होते, ते जाणकारांनी लिहावं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे दुसऱ्या धाग्यावर.

खडूपेटी

पहिला प्रश्न जोडवर्गांचा, म्हणजे एकाच शिक्षकाने एकत्र बसवून शिकवायच्या दोन-तीन वर्गांचा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, ६१ ते ९० ला तीन. पट ४० असेल तर एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येणारच, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कोणते वर्ग एकत्र बसवलेत ते बघा. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी ही जोडी चालते. पहिलीशेजारी चौथी बसलेली दिसली तर समजा की खोली बघून जोडी लावली आहे, मुलं बघून नाही. पहिलीच्या पोराला दर दोन मिनिटांनी बाई लागतात, तोवर चौथी खिडकीबाहेर बघत बसते.

जोडवर्गाची ४० मिनिटांची तासिका नीट लावली तर अशी जाते: ५ मिनिटं दोन्ही वर्गांना मिळून तोंडी काम, मग १५ मिनिटं तिसरीला शिकवणं आणि चौथीला स्वाध्याय कार्ड, मग १५ मिनिटं उलट, शेवटची ५ मिनिटं तपासणी. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, एका बाजूला तिसरी, दुसरीकडे चौथी. ही रेघ पुसट, रोज वापरातली दिसली की निम्मं काम झालं.

घोळ होतो तो कार्डात. पाच बेरजांचं कार्ड हुशार मुलगी सात मिनिटांत संपवते आणि उरलेली आठ मिनिटं शेजारणीची वेणी ओढते. म्हणून एका कार्डावर तीन पायऱ्या हव्यात: सगळ्यांना येईल असं, थोडं डोकं लावायचं, आणि स्वतः गणित तयार करून जोडीदाराला घालायचं. उत्तरं मागच्या बाजूला. गटप्रमुख दर सोमवारी बदलायचा. तो कायम एकच असेल तर वर्षभर तोच शिकतो, बाकीचे त्याचं बघून लिहितात.

सगळे विषय जोडता येत नाहीत. चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास तिसरीने ऐकला तर काही बिघडत नाही, उलट पुढच्या वर्षी तीच पोरं गोष्ट पुढे नेतात. गणित मात्र वेगळंच शिकवावं लागतं. हातच्याची वजाबाकी पक्की नसलेल्या मुलाला शेजारी चाललेला भागाकार ऐकून काहीच मिळत नाही, मिळते ती धास्ती.

काना-मात्रा

वाचन तपासायला दोन मिनिटं लागतात. तिसरीतल्या कुठल्याही तीन मुलांना बोलवा, पण कोणाला ते तुम्ही ठरवा, शिक्षकांना निवडू देऊ नका. दुसरीच्या पुस्तकातलं मधलंच पान उघडा. पहिले दोन धडे आणि कविता टाळा, त्या पाठ असतात. पानावरचं चित्र अंगठ्याने झाका आणि तिसऱ्या ओळीपासून वाचायला सांगा. पाठांतरवाल्या मुलाचं बोट एका ओळीवर असतं आणि तोंड दुसऱ्या.

निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं आहे. घड्याळ लावाच, पण नंतर एक साधा प्रश्न विचारा: ‘का गेला तो?’ गडगडा वाचून उत्तर न देणारा आणि अडखळत वाचून उत्तर देणारा, यात दुसऱ्याची शाळा बरी.

तीनपैकी तिघं अडले तरी लगेच शाळेवर काट मारू नका. ‘या तिघांसाठी सध्या काय चाललंय?’ एवढंच विचारा. चांगल्या शाळेत उत्तर नावानिशी येतं: याचं जोडाक्षर अडलंय, तिचा रफार, तो अजून शब्द सुटे करून वाचतो. ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ हे उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही.

भरतीची वेळ

कोळीवाड्याच्या शाळेत पालकसभा कधी लावतात, एवढं विचारलं तरी पुरे. मासळी घ्यायला बाया पहाटे ससून डॉक, भाऊच्या धक्क्यावर जातात, तिथून बाजारात. सकाळी ११ ची सभा म्हणजे रिकाम्या खुर्च्यांची सभा, आणि मग ‘इथले पालक उदासीन’ असा शेरा. तीच सभा संध्याकाळी बाजारातून परतल्यावर ठेवली तर अंगणात जागा पुरत नाही.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे पहिले सहा आठवडे होड्या किनाऱ्याला आणि बाप घरात. वर्षभराची गाठभेट, शाळा विकास आराखडा, दुरुस्तीला हात लावणं, सगळं याच दिवसांत उरकावं. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असाव्या लागतात. कागदावर त्या असतातच. इतिवृत्ताची वही मागा आणि सह्या बघा: सगळ्या एकाच पेनाने, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या तर काय ते कळतं.

हजेरीची सरासरी विचारू नका, महिनावार विचारा. वर्षाची ८५ टक्के हजेरी चांगली वाटते, पण त्यातच पाऊस सरल्यावर बोंबील सुकवायच्या दिवसांत पाचवी-सहावीच्या मुलींची गळती लपलेली असते. शिमग्याची दांडी वेगळी, ती दोन-चार दिवसांत भरून निघते.

पळी

खिचडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. ४० लहान मुलं असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. तांदूळ कधी कमी पडत नाही. कमी पडते ती भाजी. दोन किलो भाजी म्हणजे चांगली पिशवीभर. खिचडीत गाजराचे चार तुकडे तरंगत असतील तर ते माणशी ५० ग्रॅम नव्हेत, हे वजनकाट्याशिवायही कळतं.

मुंबईत बऱ्याच शाळांत अन्न बाहेरच्या स्वयंपाकघरातून डब्यांत येतं, तिथे मुख्य भानगड वेळेची. उकळत्या खिचडीवर घट्ट झाकण, डबा साडेनऊला शाळेत, सुट्टी साडेअकराला. तोवर अन्न कोमट होतं, आणि ६० अंशांखाली जंतूंचं फावतं. एप्रिलमध्ये झाकण उघडताच आंबूस वास येतो. डब्यावर शिजवल्याची वेळ लिहून घ्यायची, आणि वाढण्याआधी अर्धा तास एक शिक्षक व एका पालकाने चव घेऊन वहीत सही करायची. चव तळातून घ्यायची. वरची खिचडी नेहमीच छान असते, करपलेलं आणि खडे खाली असतात.

वाढायची पळी सगळ्यांना एकच हवी. कुठल्या पोराला पाऊण, कुठल्याला दीड, हे वस्तीत लगेच कळतं आणि त्यावरून भांडणं होतात.

टाकीवाला

थोडक्यात. मुलींच्या संडासाची कडी आतून लागते का ते स्वतः लावून बघा. नळ पहिलीच्या मुलाच्या हाताला येतो का? ६० मुलं, २० मिनिटांची सुट्टी, प्रत्येकाला हात धुवायला अर्धा मिनिट: एका नळावर ४० च मुलं होतात, उरलेली २० तशीच जेवायला बसतात. दोन नळ हवेतच, तीन असले तर रांगेत धक्काबुक्की नाही. साबण दोरीला बांधलेला असेल तर टिकतो. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहायला सांगा, फायलीत नको. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतरंडीला (रॅम्पला) १ ला १२ चा उतार हवा, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या ओट्याला साडेतीन मीटरहून जास्त लांबी. पायरीवर सिमेंट ओतून केलेली घसरगुंडी ही उतरंड नव्हे, तीवरून चाकाची खुर्ची चढत नाही.

हायवेपलीकडे

लहान शाळेचं फार कौतुक चाललंय, म्हणून उलट बाजू. पट दहावर आला की मुलांना स्वतःच्या वयाचं कोणी उरत नाही. कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले, दुसऱ्या बाई रजेवर, की शाळा नावापुरती उघडी. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामं कायद्याने शिक्षकांना लावता येतातच. तेव्हा ‘बदली शिक्षक कोण येतो आणि किती दिवसांत?’ हे विचारायलाच हवं. नाहीतर अशी शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घातलेली बरी.

खडूपेटी

@हायवेपलीकडे, मान्य. पण जवळची मोठी शाळा म्हणजे किती जवळ? राज्याचा नियम पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३. मुंबईत हे अंतर नकाशावर मोजून चालत नाही. मध्ये द्रुतगती मार्ग असेल तर ४०० मीटरसुद्धा सहा वर्षांच्या पोराला एकट्याने जमत नाहीत. मनोरीहून खाडीपलीकडच्या मार्वेला फेरीबोटीने काही मिनिटं, पण वादळी हवेत फेरी बंद पडली की भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा. शिक्षक पलीकडून येत असतील तर जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी वर्ग कोण उघडणार, हे आधी ठरलेलं असावं. चांगल्या शाळेत त्या दिवसाच्या कार्डांची वेगळी पेटी भरलेली असते आणि किल्ली वस्तीतल्या कोणाकडे तरी असते. दहाच्या पटाचं म्हणाल तर खेळ, सहल, प्रयोग यासाठी शनिवारी शेजारच्या शाळेत एकत्र जमायचं. शाळा बंद करावी लागत नाही.

नोंदवही

प्रवेशाला दारात अडवलं जातं ते कागदांवरून. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. मूल शाळाबाह्य असेल तर वयाप्रमाणे वर्ग द्यायचा: नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवणं हे नियमाबाहेर आणि वर तिची लाज. मात्र नुसतं चौथीत बसवून सोडलं तरी ती महिन्याभरात गळते. तिला रोज वेगळं शिकवायची वेळ ठरली आहे का, आणि ती शाळा सुटल्यावर आहे की खेळाच्या तासाला, हे विचारा. खेळाचा तास कापला तर पोर शाळेत टिकणार नाही.

जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीत, नाव, आडनाव, जन्मतारीख लिहिली जाताना समोर उभं राहून वाचा. तिथली चूक दहावीच्या दाखल्यापर्यंत जाते, आणि शाळा सोडल्यावर ती दुरुस्त करायला चकरा फार.

काना-मात्रा

एक राहिलं. घरची बोली. कोळीवाड्यातलं पोर ‘कोलीवारा’, ‘पानी’ म्हणतं, पाड्यावरचं वारली बोलतं, शेजारचं हिंदी. पहिलीत बाई दर शब्दाला ‘असं नाही, असं म्हण’ करत असतील तर पोर दिवाळीपर्यंत गप्प होतं आणि शेरा पडतो ‘लाजाळू’. जमणारी पद्धत अशी: मूल ‘डोला’ म्हणालं की बाई मान डोलावतात, चित्राखाली ‘डोळा’ लिहितात आणि दोन्ही मोठ्याने म्हणून घेतात. ळ आणि ण ऐकू यायला लागतात तेव्हा लिहिण्यातही आपोआप येतात, साधारण दुसरीच्या मध्यापर्यंत. शुद्धलेखनाचा लाल पेन त्याआधी काढायचाच नाही.

वर्गाच्या भिंतीवरचे तक्ते बघा. सफरचंद, अननस, जिराफ यांच्यात कुठे पापलेट, जाळं, वल्हं आहे का? आणि ते तक्ते पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत, की पाहुण्यांच्या?