केंट आत, बॉन्ड्स बाहेर: पटतं का तुम्हाला?

खाडीवरचा_मावळा
डिसेंबरात निकाल लागल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून हा धागा. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षं झाली की अनुभवी क्रीडापत्रकार मतं देतात. ७५ टक्के मिळाली तर भिंतीवर ब्राँझची पाटी. दहा वर्षं झगडूनही नाही मिळाली, तर पुढे सोळा जणांची समिती.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बॅरी बॉन्ड्स, ज्याच्यावर स्टेरॉइड्स घेतल्याचा संशय आहे, तो २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ६६ टक्क्यांवर अडकला. २०२५ च्या डिसेंबरात समितीपुढे आला तर सोळातली पाच मतंसुद्धा नाहीत! नव्या नियमाने आता पुढच्या फेरीतही नाव नाही, म्हणजे थेट २०३१. आणि आत कोण गेला? जेफ केंट, १४ मतांनी. बॉन्ड्सचाच जायंट्समधला सोबती. सोबती म्हणायचं आपलं. २००२ मध्ये सॅन डिएगोच्या डगआउटमध्ये दोघांची धक्काबुक्की टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती.

केंटबद्दल तक्रार नाही. सेकंड बेसवर खेळून ३५१ होमरन (बॉल थेट कुंपणाबाहेर) हा विक्रमच आहे. पण ७६२ होमरन मारणाऱ्या आणि सात वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरलेल्याला बाहेर उभं करून ही कसली पंगत?

माझं मत निष्पक्ष नाही, हे आधीच सांगतो. २००४ च्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्राउंडवर नेलं. उजवीकडच्या भिंतीपलीकडे लगेच खाडीचं पाणी, त्यात लोक छोट्या होड्या घेऊन बॉन्ड्सच्या षटकाराची वाट बघत बसलेले. (हो, मी षटकारच म्हणतो.) जुलै असून असा गार वारा, की बाबांनी माझ्या बायकोची शाल कानाला गुंडाळली होती. हातात लसणीच्या फ्राइजचा द्रोण. बॉन्ड्स आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि पिचरने, म्हणजे इथल्या बॉलरने, चार बॉल मुद्दाम लांब टाकले. बाबा म्हणाले, "अरे, हा वाइड टाकतोय! अंपायर झोपलाय का?" मी समजावलं की घाबरून त्याला फुकट पहिल्या बेसवर सोडतात, याला वॉक म्हणतात. पुन्हा आला, पुन्हा तेच. पुढच्या रांगेतल्या माणसाने पिशवीतून रबरी कोंबडी काढली आणि पिचरकडे बघत हलवायला लागला. म्हणजे, तू भित्री कोंबडी. बाबा इतके हसले की त्याने ती त्यांनाच देऊन टाकली. त्या वर्षी बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० असे ठरवून दिलेले. ज्याला बॉल टाकायलाच अख्खी लीग घाबरायची, त्याच्याबद्दल मतदान कसलं घेता?

पिचरची_आई
आठवण छान आहे, पण तिचा आणि मतदानाचा काय संबंध? लोक घाबरत होते हे खरंच. का घाबरत होते, हा प्रश्न आहे. बाल्को नावाच्या, खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणाऱ्या कंपनीच्या चौकशीत ग्रँड ज्युरीपुढे बॉन्ड्सने त्यांचं क्रीम आणि थेंब वापरल्याचं सांगितलं, फक्त "ते काय आहे मला माहीत नव्हतं" म्हणे. आमच्याकडे दुधात पाणी घालणारा गवळीही असंच म्हणायचा, म्हशीला विचारा.

तुम्ही बॉन्ड्सला मोजता, मी फ्रेड मॅकग्रिफला मोजते. ४९३ होमरन, त्याच्यावर कधी संशयाची सावलीही नाही. पण तो खेळला तेव्हा आजूबाजूला लोक एकेका मोसमात ६०-७० मारत सुटले होते, त्यामुळे त्याचे आकडे लोकांना किरकोळ वाटले. पत्रकारांच्या यादीत दहा वर्षं काढली, कधी चाळीस टक्केही मिळाले नाहीत. शेवटी २०२२ मध्ये समितीने सोळापैकी सोळा मतांनी घेतला. त्याची दहा वर्षं कोणी खाल्ली?

माझा मुलगा हायस्कूलला पिचिंग करतो. सकाळी साडेपाचला उठतो, खांद्याला बर्फ लावून अभ्यासाला बसतो. त्याला मी काय सांगू?

जर्सीकाका
ताई, मुलाला खरं सांगा: दारावर उभे असलेले राखणदारही धुतल्या तांदळाचे नाहीत. गेलॉर्ड पेरी बॉलला थुंकी-व्हॅसलिन लावायचा, आत्मचरित्रात तसं कबूल करून मोकळा झाला, १९९१ पासून आत आहे. बड सेलिग, ज्याच्या कमिशनरपदाच्या, म्हणजे लीगच्या प्रमुखपदाच्या काळात हे सगळं घडलं, त्याला २०१७ मध्ये पाटी मिळाली. म्हणजे लग्न लावणारा भटजी सोवळा आणि नवरा तेवढा ओवळा! डेव्हिड ऑर्टिझचं नाव २००३ च्या उत्तेजक चाचणीत सापडलेल्यांच्या यादीत असल्याची बातमी आली होती, तो २०२२ मध्ये पहिल्याच फटक्यात पास. ती यादी पक्की नव्हती, असं सेलिगनंतरचे कमिशनरच म्हणाले होते, मान्य. पण मग संशयाचा फायदा हसतमुख माणसालाच का मिळतो? बॉन्ड्स पत्रकारांशी तुसडेपणाने वागायचा, त्याचे पैसे तो आज फेडतोय.

पिचरची_आई
काका, पेरी आत गेला ही चूक असेल तर पुढची चूक करायला तो परवाना होत नाही. मतदानाच्या नियमात सचोटी आणि चारित्र्य हे शब्द लिहिलेले आहेत. एक तर ते पाळा, नाहीतर खोडून टाका.

जर्सीकाका
खोडाच. सगळ्यात पहिल्या, १९३६ च्या तुकडीत टाय कॉब आहे. त्या आधी १९१२ मध्ये तो स्टँडमध्ये चढून प्रेक्षकाला मारून आला होता. तेव्हा चारित्र्य कुठे गेलं होतं?

रेवती_सिएटल
या भांडणात मी पडत नाही, माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या सिएटलचा जपानी बॅटर इचिरो, त्याचं हुकलेलं ते एक मत!! २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३. कोण तो महाभाग? यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा २०१९ मध्ये सगळ्याच्या सगळ्या ४२५ मतांनी गेला, म्हणजे एकमताने होऊ शकतं. पत्रकारांच्या संघटनेनेच सगळी मतं जाहीर करू म्हणून ठराव केला होता, तो हॉलच्या मंडळाने फेटाळला. नाव लपवून मत द्यायला ही काय ग्रामपंचायत आहे का?

१ ऑक्टोबर २००४ ला मी स्टेडियममध्ये होते. जॉर्ज सिस्लरचा एका मोसमात २५७ हिट्सचा (हिट म्हणजे बॉल मारून बेस गाठणं) विक्रम १९२० पासून टिकून होता. इचिरोने तो मोडला, फटाके उडाले, टीममधले सगळे धावत आले. मग तो एकटा कुंपणाकडे गेला. तिथे सिस्लरची म्हातारी मुलगी बसली होती. त्याने हेल्मेट काढून, वाकून तिच्या हातात हात दिला. आमच्या रांगेत कोणी बोलेना. माझ्या शेजारचा दाढीवाला, जो अख्खी मॅच शिव्या देत होता, तो टोपीने डोळे पुसत होता.

जर्सीकाका
रेवतीताई, १९३६ मध्ये बेसबॉलचं दैवत असलेल्या बेब रूथलाही ११ जणांनी मत दिलं नव्हतं. अकरा! इचिरो शोभून दिसेल त्या रांगेत. आणि तो स्वतः काय म्हणाला? त्या माणसाला घरी बोलवून एकत्र पेय घ्यायला आवडेल. संपलं.

पर्वतीचा_पायथा
मी पुण्यात क्रिकेटवर वाढलेला, त्यामुळे भाबडा प्रश्न. तो बेटिंगवाला पीट रोझ गेला ना वर? त्याचं काय झालं?

खाडीवरचा_मावळा
४२५६ हिट्स, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. मॅनेजर असताना स्वतःच्या टीमवर पैसे लावले, १९८९ ला आजीवन बंदी. २०२४ मध्ये वारला आणि २०२५ मध्ये "मेलेल्यावर बंदी कशाला" म्हणून उठवली. समिती २०२७ ला बघेल. जिवंतपणी पाणी नाही आणि मेल्यावर पिंडाला कावळ्याची वाट.

पिचरची_आई
मावळे, एक सांगायचं राहिलं. मुलगा बारा वर्षांचा असताना त्याच्या टीमची स्पर्धा कूपर्सटाउनलाच होती, तेव्हा म्युझियम पाहिलं. २००७ मध्ये बॉन्ड्सने होमरनचा जुना विक्रमवीर हँक आरनला मागे टाकलं, त्या ७५६ व्या होमरनचा बॉल तिथे काचेत आहे. लिलावात एका कपड्यांच्या डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, काय करायचं म्हणून लोकांची मतं मागवली आणि कौलाप्रमाणे त्यावर फुली मारून दिला. फुली म्हणजे चांदणी, तळटीपेला असते तशी, चामड्यातच कोरलेली. मुलगा बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. मला वाटतं तेवढं पुरे. इतिहास लपवला नाही, आरतीही ओवाळली नाही.

खाडीवरचा_मावळा
मी तर उलट म्हणेन. चांदणीसकट बॉल आत चालतो, मग चांदणीसकट माणूस का नाही? पाटीवर खाली दोन ओळी लिहा की, काय घेतलं, कधी घेतलं. वाचू दे पोरांना.

पिचरची_आई
दोन ओळी खरंच लिहिणार असतील तर मी विचार करीन. पण पाटीवर असलं कोणी लिहीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

रेवती_सिएटल
ते सगळं जाऊ दे, ती कोंबडी अजून आहे का?

खाडीवरचा_मावळा
आहे. बाबा सामानातून साताऱ्याला घेऊन गेले होते. पुढे कितीतरी वर्षं टीव्हीवर कोणी बॅटर बिचकत खेळायला लागला की ती खुंटीवरून काढून पडद्यासमोर नाचवायचे, द्रविड असला तरी. गेल्या दिवाळीत माळ्यावर सापडली. रबर चिकट झालंय, मान एका बाजूला कललेली. आई टाकून द्यायला निघाली होती, मी बॅगेत घालून इकडे आणली.