फोन बदलताना तुम्ही काय पाहिलंत?

आईचा फोन सहा वर्षांचा झाला. दुपारपर्यंतही बॅटरी टिकत नाही, म्हणून दिवाळीआधी नवा घ्यायचाय. दुकानात गेलं की रॅम, मेगापिक्सेल आणि सूट, एवढंच कानावर पडतं. मला वापरून झालेल्यांचे अनुभव हवेत. एक फोन सोडून दुसऱ्याकडे गेलात तेव्हा काय तपासलंत, काय तपासायचं राहिलं?

सुरुवात मी करतो. २०१३ साली ल्युमिया ५२० हा विंडोज फोन घेतला. रॅम जेमतेम ५१२ एमबी, तरी बोट लावलं की पान अलगद सरकायचं. फोन म्हणून तो मला आजही आवडतो. पण नोटबंदीनंतर ३० डिसेंबर २०१६ ला भीम अ‍ॅप आलं ते फक्त अँड्रॉइडवर. ऑफिसातली मंडळी चहाचे पैसेसुद्धा फोनवरून द्यायला लागली आणि मी सुटे शोधत बसायचो. ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅपही थांबलं. तोवर मी अँड्रॉइडवर आलो होतो. तेव्हापासून मी आधी एकच बघतो: माझा रोजचा व्यवहार ज्यांच्याशी आहे, ते सगळे त्या फोनवर आहेत का?

*

माझं घोडं अक्षरांपाशी अडलं होतं. २०११ चा माझा पहिला टचस्क्रीन. मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी नुसते चौकोन. मग कुणीतरी युक्ती सांगितली: ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी कॉन्फिग टाइप करायचं आणि बिटमॅप फॉण्टचा पर्याय चालू करायचा. मग अक्षरं चित्रासारखी उमटायची, जोडाक्षरांसकट. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते. एसएमएसमध्ये मात्र चौकोन ते चौकोनच.

२०१४ मध्ये मोटो जी ऑनलाइनच मिळायचा. हातात घेऊन बघायची सोय नव्हती, म्हणून मैत्रिणीच्या फोनवर आधी 'त्र्यंबकेश्वर', 'दुसऱ्या' आणि 'कऱ्हाड' लिहून पाहिलं. 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' नीट उमटले, त्याच दिवशी मागवला. आजही नवा फोन हातात आला की हे तीन शब्द आधी लिहिते.

*

कऱ्हाडचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझं इथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. लोक घेताना कॅमेरा बघतात. माझ्याकडं येतात ते डिस्प्ले फुटल्यावर. म्हणून माझं सांगणं, दोन फोनांत अडकला असाल तर आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन दोन्हींच्या डिस्प्लेची किंमत विचारा. साधा एलसीडी असला तर कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, लगेच मिळतो, खिशालाही परवडतो. अ‍ॅमोलेड दिसायला देखणा, उन्हातही चांगला दिसतो, पण ओरिजनल घालायचा म्हटलं तर कधीकधी फोनच्या निम्मी किंमत सांगावी लागते. गिऱ्हाईक मग कॉपी घाला म्हणतं. अ‍ॅमोलेडच्या जागी एलसीडीची कॉपी बसवली की काचेखालचा बोटाचा ठसा चालत नाही. हे मी आधी सांगतो. सगळीकडं सांगतातच असं नाही.

दुसरं, नवंकोरं मॉडेल आलं की पहिले काही महिने त्याचे पार्ट इकडं मिळतच नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात एकाचा फोन माझ्याकडं तीन आठवडे पडून होता. मुकादमाचा फोन तो. त्यावर टोळीचा सगळा हिशेब. माणूस रोज येऊन विचारायचा आणि मला रोज नाही म्हणावं लागायचं. गावाकडच्या माणसानं वर्षभर बाजारात असलेलं, भरपूर खपलेलं मॉडेल घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

*

मला दिसत नाही. फोन मी कानानं वापरतो. आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, २००९ पासून आहे. कॉलेजात मित्राचा आयफोन वापरला तेव्हा कुठल्याही पानावर वाट चुकत नसे, इतकी त्याची चाल एकसारखी. तरी मी अँड्रॉइडच घेतला, कारण टॉकबॅक या तिथल्या तशाच सोयीसाठी बोलणारा आवाज बदलता येतो. ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पण मी तो इतक्या वेगानं ऐकतो की शेजारच्याला शब्दही कळत नाही. बसमध्ये बँकेचा मेसेज ऐकताना त्याचा फार आधार वाटतो.

दुकानात एकच विनंती करतो: टॉकबॅक चालू करून दहा मिनिटं फोन माझ्या हातात द्या. जे देत नाहीत, तिथून घेत नाही.

*

२०२१ च्या सुरुवातीला अँड्रॉइडवरून आयफोनवर गेले. फोटो आले, नंबर आले. व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या गप्पा तेव्हा तशा नेता येत नव्हत्या. ती सोय २०२२ मध्ये झाली. मी आधी विचारलं नाही आणि जुना फोन पुसून भावाला दिला. त्यात बाबांचे आवाजी निरोप होते. बाबा आदल्या वर्षी गेले. फोन बदलणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते: आवाज वेगळे साठवलेस का?

*

थोडक्यात माझं. मी किमतीला वर्षांनी भागतो. गुगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षं अपडेट देऊ असं कंपन्यांनी जाहीर केलंय. महाग वाटणारा फोन कधीकधी वर्षाला स्वस्त पडतो. मात्र मधे एकदा बॅटरी बदलावी लागणार, तो खर्च धरा.

*

आईंसाठी घेताय ना? मग शेजारी, बहीण, भाची, रोज भेटणाऱ्या कुणाकडे कोणता आहे ते बघा. माझ्या सासूबाईंना मी बेंगळुरूहून फोनवर काही शिकवू शकले नाही. समोरच्या काकूंकडे तसाच फोन होता. त्यांनी आठवड्यात व्हिडिओ कॉल शिकवला.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या भजनी मंडळात तिघींकडे एकच मॉडेल निघालं! वर्षभर जुनं, एलसीडी, बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर. कऱ्हाडचे दादा, चालेल?

*

चालेल. ठसा बटणावर असला की डिस्प्ले बदलला तरी तो शाबूत राहतो. फक्त जुना फोन लगेच पुसू नका. सिम नव्यात घाला, युपीआयची नोंदणी नव्यानं करा, दहा रुपये पाठवून बघा. आणि वरच्या ताईंनी सांगितलंय ते, आवाज आधी काढून ठेवा.