गॉसनला 'जांभा' म्हटलं तर चुकलं कुठे?

अनुवादिनी: तांब्याच्या प्राथमिक शोधकामाचा अहवाल मराठीत आणतेय. त्यात 'गॉसन' पानोपानी येतो: सल्फाइडची (गंधकयुक्त धातुखनिजाची) शीर पृष्ठभागाशी कुजून उरलेला तांबडा-तपकिरी, लोहयुक्त खडक. मी 'जांभा' लिहिलं, तपासनिसांनी खोडलं. रंग तोच, भोकंही तशीच. मग अडलं कुठे?

खडकफोड्या: जांभा अनेक प्रकारच्या खडकांचा होतो आणि चादरीसारखा पसरतो. गॉसन शिरेच्या माथ्यावर, पट्ट्यासारखा. भिंग लावून पाहा. चॅल्कोपायराइटचे, म्हणजे तांबं-लोखंडाच्या सल्फाइडचे कण विरघळून जातात, पण त्यांच्या भेगांत साचलेल्या लिमोनाइटच्या, म्हणजे गंजासारख्या लोहखनिजाच्या पातळ भिंती उभ्या राहतात, मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी जाळी. 'जांभा' वाचून कुणी पुढे निघून गेलं तर खालचं खनिज हातचं जाईल.

मूळाक्षर: गॉसन हा कॉर्नवॉलच्या खाणींतला शब्द. जर्मन आणि फ्रेंच लोक याला 'लोखंडी टोपी' म्हणतात. आपण 'लोहटोपी' म्हणावं.

शब्दनिष्ठ: अहवालात टोपी? 'लोहछत्र' लिहा.

खडकफोड्या: छत्राखाली मोकळी जागा असते, टोपीखाली डोकं. इथे तेच सांगायचंय. पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) कुजून सल्फ्युरिक आम्ल होतं, तांबं त्यात विरघळून खाली झिरपतं आणि भूजलपातळीच्या आसपास चॅल्कोसाइट या तांब्याच्या सल्फाइडच्या रूपात पुन्हा साचतं. चॅल्कोपायराइटमध्ये तांबं 34.6 टक्के, चॅल्कोसाइटमध्ये जवळपास 80. म्हणून टोपीत तांबं नगण्य निघालं तरी जागा सोडायची नाही. सोनं आणि मॉलिब्डेनम बऱ्याचदा वरच टिकतात, त्यांचीही तपासणी मागवा.

अनुवादिनी: शेजारच्या खडकावरच्या हिरव्या डागांना 'मोरचुदाचे डाग' म्हटलंय. ते तरी चालेल?

परीक्षानळी: नाही. मोरचूद निळा आणि पाण्यात विरघळणारा, उघड्या खडकावर पावसात टिकणार नाही. हा बहुधा मॅलाकाइट, तांब्याचं हिरवं कार्बोनेट. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. त्याच थेंबात चाकूचं घासून लख्ख केलेलं पातं टेकवा. तांबं असेल तर पोलादावर तांबूस थर चढतो. क्लोराइट, एपिडोट, निकेलची खनिजंही हिरवी दिसतात, पण पातं कोरं राहतं. परीक्षा झाली नसेल तर नुसतं 'हिरवे डाग' लिहा.

आणि 'ग्रॅब सँपल'ला नुसतं 'नमुना' लिहिलं असेल तर तेही बदला, 'उचल नमुना' करा. डोळ्यांत भरलेला दगड 3 टक्के तांबं दाखवतो. त्याच जागी शिरेला आडवी 5 सेंटिमीटर रुंद, 3 सेंटिमीटर खोल, 1 मीटर लांब चर कोरली, तर साधारण 4 किलोचा तो नमुना 0.4 टक्के दाखवू शकतो. तो 'चर नमुना'. दोन्ही आकडे एकाच शब्दाखाली आले की वाचणारा फसतो.

शब्दनिष्ठ: 'उचल' म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. 'वेचीव नमुना' म्हणा.

खडकफोड्या: वेचीव मान्य, निवड झाली हे लगेच कळतं. मातीचे नमुने 'चाळून घेतले' लिहाल तिथे चाळणी कशाची तेही येऊ द्या. पितळेची चाळणी झिजून तांबं आणि जस्त नमुन्यात मिसळते. नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी.

अनुवादिनी: तिथे चाळणीचं माप '80 मेश' (इंचाला 80 भोकं) आहे. 'मेश'ला 'जाळी' करू का?

मूळाक्षर: करा. मेश म्हणजे जाळीच.

खडकफोड्या: गॉसनमधल्या भिंतींना जाळी म्हणून झालंय. इथे सरळ '0.18 मिलिमीटरहून बारीक' लिहा.

शब्दनिष्ठ: मग त्या भिंतींनाच दुसरा शब्द शोधा. चाळणीची जाळी जुनी आहे, तिचा हक्क आधी.