मॉरिशस: कराच्या पलीकडं

वर कुणीतरी लिहिलंय की भारत-मॉरिशस नातं म्हणजे पैसा फिरवून कर वाचवायची सोय, बाकी काही नाही. अहो, त्यासाठी वापरला जाणारा दोन देशांतला कर करार १९८२ चा. २०१६ च्या दुरुस्तीनं शेअरविक्रीच्या नफ्यावरची करमाफीही गेली. नातं त्याच्या कितीतरी आधीचं. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस जहाजातून ३६ गिरमिटिये (करारानं बांधलेले) भारतीय मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले, उसाच्या मळ्यांसाठी. पुढं मुंबई बंदरातूनही माणसं गेली, त्यात कोकणातले मराठी बरेच. आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. (आमच्याकडं अर्धा दिवस मिळाला तरी नशीब.)

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत-मॉरिशस व्यापार करारात भारताच्या ३१० वस्तूंना मॉरिशसमध्ये आयातशुल्कात सवलत आहे, काही कापडी मालही त्यात येतो. पण आधी मालाच्या मूळ देशाचा दाखला लागतो. मागं आमच्याकडं कुणीतरी दाखल्यावर टॉवेलच्या ६३०२ ऐवजी ब्लँकेटचा ६३०१ हा कस्टमचा माल ओळखायचा कोड टाकला. खोकी बांधून, पट्ट्या मारून तयार, आणि कागद नव्यानं होईपर्यंत आम्ही त्यांच्यावरच बसून डबे खाल्ले.